इंजेक्शन तेच, डोसही तोच. मग बहिणीला अठरा आणि मला तीनच का?

सोलापूरच्या एका वाचक भगिनीचे दीर्घ पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे.

"माझे वय 31 आहे. लग्नाला सहा वर्षे झाली. दुर्बिणीच्या तपासणीत दोन्ही गर्भनलिका बंद असल्याचे निघाले, म्हणून आयव्हीएफचा सल्ला मिळाला. आमचे घरचे चादरीचे माग आहेत. दोन वर्षे पैसे साठवून आम्ही पुण्याला उपचार घेतले. माझे एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 2.1 होते, सोनोग्राफीत 13 फॉलिकल (स्त्रीबीज ज्यात वाढते त्या छोट्या पिशव्या) दिसत होते आणि 'तुमचा साठा चांगला आहे' असे सांगितले होते. रोज 150 युनिटचे इंजेक्शन अकरा दिवस घेतले. तीनच स्त्रीबीजे मिळाली, त्यातून एकच गर्भ तयार झाला आणि तो रुजला नाही. माझ्या चुलत बहिणीने त्याच दवाखान्यात तेच इंजेक्शन तेवढ्याच डोसमध्ये घेतले होते. तिला अठरा बीजे मिळाली. तिला पीसीओडी आहे, तरीसुद्धा! माझे आईवडील आते-मामे भावंडे आहेत, त्यामुळे सासूबाई म्हणतात की हिच्या रक्तातच खोट आहे. आता एका लॅबचा माणूस सांगतो की थुंकीच्या नमुन्यावरून वीस हजारांत जीनची तपासणी होते आणि कोणते औषध किती लागू पडेल ते कळते. ती करावी का? माझ्या जीनमध्ये खरेच दोष आहे का? पुढे मुलगी झाली तर तिलाही हेच भोगावे लागेल का? आणि घरी काय सांगू?"

ताई,

वीस हजारांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण लॅबचा माणूस पुन्हा फोन करील तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार असायला हवे. ती तपासणी सध्या करू नका. कारणे पुढे सविस्तर लिहिते. तुमच्या मनात आलेली शंका मात्र अगदी रास्त आहे. एकाच औषधाचा एकच डोस दोन स्त्रियांच्या शरीरात वेगवेगळे काम करतो, आणि त्या फरकाचा काही भाग जन्मतःच मिळालेल्या जनुकांतून येतो, ही गोष्ट पंचवीस वर्षांहून अधिक काळ शास्त्राला ठाऊक आहे. ती 'खोट' मुळीच नाही. हे मी तुमचे मन राखण्यासाठी लिहिते आहे असे समजू नका. पुढचे वाचलेत तर तुम्हीही त्याच निष्कर्षाला याल.

तुम्ही अकरा दिवस जे इंजेक्शन घेतलेत ते एफएसएच नावाच्या संप्रेरकाचे. एरवी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते स्वतःच तयार करते आणि दर महिन्याला जेमतेम एक स्त्रीबीज परिपक्व होईल एवढेच सोडते. उपचारात आपण ते बाहेरून जास्त देतो, म्हणजे एकाऐवजी अनेक फॉलिकल एकाच वेळी वाढतात. पण संप्रेरक रक्तात फिरले म्हणून काम होत नाही. फॉलिकलच्या आतल्या पेशींवर त्याला धरणारे एक प्रथिन असते, त्याला एफएसएचचा रिसेप्टर म्हणतात. संप्रेरक त्यावर बसले की पेशीच्या आत निरोप जातो आणि फॉलिकल वाढू लागते. हा रिसेप्टर 695 अमिनो आम्लांच्या साखळीचा बनलेला आहे आणि त्याचा आराखडा आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेला आहे. आपल्याकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून.

तुमच्या घरी जॅकार्डचे माग असतील असे धरून चालते. पंचकार्डावरच्या शेकडो छिद्रांपैकी एक छिद्र एक घर बाजूला पडले, तर माग बंद पडत नाही आणि चादर फाटकी निघत नाही. नक्षीत कुठेतरी एक धागा वर येण्याऐवजी खाली जातो, एवढेच. रिसेप्टरच्या जनुकातही अशी एक जागा आहे. तिथे एक अक्षर काही जणांत एक असते, तर काही जणांत दुसरे. त्या एका अक्षरामुळे साखळीतल्या 680 व्या जागी कोणाच्या शरीरात ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल बसते, तर कोणाच्या शरीरात सेरीन. दोन्ही प्रकार निरोगी माणसांत सर्रास आढळतात. त्यांतला कोणता बरोबर आणि कोणता चूक हा प्रश्नच गैरलागू आहे, जसा रक्तगट ए बरोबर की बी हा प्रश्न गैरलागू आहे.

फरक कुठे पडतो, ते 2000 साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले. त्यांनी आयव्हीएफ करून घेणाऱ्या, चाळिशीच्या आतील आणि पाळी नियमित असलेल्या 161 स्त्रियांचे हे जनुक तपासले. साधारण 29 टक्के स्त्रियांच्या दोन्ही प्रती ॲस्परॅजिनच्या होत्या, 45 टक्के जणींकडे दोन्हींपैकी एकेक प्रत होती आणि 26 टक्के जणींच्या दोन्ही प्रती सेरीनच्या होत्या. पहिल्या गटाला औषधाच्या सरासरी 32 कुप्या लागल्या, मधल्या गटाला 41 आणि तिसऱ्या गटाला 47. पुढची गोष्ट लॅबचे लोक सहसा सांगत नाहीत, म्हणून नीट वाचा: मिळालेल्या स्त्रीबीजांची संख्या तिन्ही गटांत सारखीच होती. म्हणजे सेरीनच्या दोन प्रती असलेल्या स्त्रीचा बीजांडकोश काम करायला नकार देत नव्हता. त्याला तेवढेच काम करण्यासाठी जास्त औषध लागत होते आणि डॉक्टरांनी ते दिल्यावर तो इतरांच्या बरोबरीला येत होता. 161 पैकी एक चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया ज्या गटात मोडतात, त्या गटाला 'दोष असलेल्या' म्हणायचे, तर दोष नसलेली बाई शोधायला फार हिंडावे लागेल.

त्यानंतर 2005 मध्ये हाच प्रश्न उलट बाजूने तपासला गेला. दोन्ही प्रती सेरीनच्या असलेल्या स्त्रियांपैकी काहींना रोज 150 युनिट दिले आणि काहींना 225. ज्यांना 150 मिळाले त्यांच्या रक्तातील इस्ट्रोजेन ॲस्परॅजिनवाल्या स्त्रियांपेक्षा कमी चढले. ज्यांना 225 मिळाले त्यांच्यात ती उणीव भरून निघाली. तुमचा डोस 150 होता, हे वाचून तुमच्या मनात काय आले असेल ते मला कळते. पण अजून थोडे थांबा.

कारण पुढच्या काळात जगभर जे अभ्यास झाले, त्यांचे निकाल इतके सरळ नाहीत. काहींत हा फरक ठळक दिसला, काहींत फिका, तर काहींत दिसलाच नाही. वेगवेगळ्या वंशांच्या लोकसंख्येत या अक्षरांचे प्रमाणही वेगवेगळे असते. सगळे मिळून पाहिले तर असे म्हणता येते की या एका जागेमुळे औषधाची गरज आणि बीजांची संख्या थोडीफार हलते, परंतु मूल होण्याची शक्यता तिच्यावरून सांगता येत नाही. आपल्याकडेही हे काम झाले आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा, म्हणजे आयव्हीएफमधून झालेल्या मुलीचा, जन्म झाला, तेव्हा त्या कामात परळची जी प्रजनन संशोधन संस्था सहभागी होती, तिथल्याच शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये भारतीय स्त्रियांतील याच जनुकाच्या सुरुवातीच्या भागातील एका निराळ्या बदलाचा कमी प्रतिसादाशी संबंध असल्याचे दाखवले. अभ्यासातील स्त्रियांची संख्या लहान होती, पण आपल्या बायकांसाठी जर्मनीतील आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत, एवढे त्यातून नक्की कळते.

आणि रिसेप्टरचे जनुक हे अनेकांपैकी एक आहे. पिट्युटरीतून येणाऱ्या एलएच या दुसऱ्या संप्रेरकाचा एक प्रकार काही स्त्रियांत थोडा वेगळा असतो आणि त्यांनाही इंजेक्शने जास्त लागतात असे आढळले आहे. गोळ्यांचेही तेच. क्लोमिफेन ही बीज तयार होण्यासाठी देतात ती जुनी गोळी यकृतात गेल्यावर सीवायपी2डी6 नावाच्या एन्झाइमकडून तिचे अधिक प्रभावी रूप तयार होते. ज्यांच्यात ते एन्झाइम जन्मतःच मंद असते, त्यांच्यात ते रूप कमी तयार होते. शिवाय वय आहे, वजन आहे, धूम्रपान आहे, बीजांडकोशावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया आहे. 680 व्या जागेचे अक्षर या सगळ्या गर्दीत एका कोपऱ्यात उभे असते.

आता तुमच्या चुलत बहिणीकडे येते. 'पीसीओडी आहे, तरीसुद्धा' असे तुम्ही लिहिले आहे, पण तिला अठरा बीजे मिळाली ती पीसीओडी असल्यामुळेच. त्या अवस्थेत बीजांडकोशात लहान लहान फॉलिकल मोठ्या संख्येने साठलेली असतात, एएमएच सहसा जास्त असते आणि थोड्या औषधानेही ती सगळी एकदम उठतात. अशा स्त्रियांना जास्त प्रतिसादाचाच धोका असतो: पोट फुगते, पोटात पाणी साठते, श्वास लागतो, क्वचित रुग्णालयात दाखल करावे लागते. तिला विचारून पाहा, बीजे काढल्यानंतरचे आठ दिवस तिचे कसे गेले. तुमची तुलना तिच्याशी होऊच शकत नाही. आजोबा एक असले तरी बीजांडकोश दोन निराळे आहेत. तुम्ही रात्र रात्र ज्या आकड्याशी स्वतःला ताडून पाहत आहात, तो तुमच्यासाठी मापच नव्हता.

तुमचे खरे कोडे वेगळे आहे. वय 31, एएमएच 2.1, फॉलिकल 13, आणि बीजे तीन. साठा पुरेसा असताना चारापेक्षा कमी बीजे मिळाली, तर तो अनपेक्षित कमी प्रतिसाद मानतात, आणि 2016 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा स्त्रियांना वेगळ्या गटात ठेवावे असे सुचवले. साठाच आटलेल्या स्त्रीपेक्षा तुमची स्थिती पुष्कळ चांगली आहे, कारण बीजे आहेत. ती त्या महिन्यात बाहेर आली नाहीत. जनुकांच्या फरकाचा विचार करतात तो याच गटात. मात्र त्याआधी तुमची फाइल बघायला हवी.

फाइल उघडा. तिच्यात फॉलिकल मोजणीचा एक कागद असेल, बहुधा हाताने भरलेला: डावीकडे तारखा, मग 'उजवा' आणि 'डावा' असे दोन रकाने, आणि त्यांत 12, 14, 17, 18 असे मिलिमीटरमधले आकडे. शेवटच्या तारखेच्या ओळीत 14 च्या वरचे किती आकडे आहेत ते मोजा. ते नऊ-दहा असतील आणि तरी बीजे तीनच मिळाली असतील, तर तुमचा बीजांडकोश इंजेक्शनाला व्यवस्थित जागला होता. गडबड शेवटच्या टप्प्यात झाली. ट्रिगरचे, म्हणजे बीजे पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन आणि बीजे काढणे यांत साधारण 34 ते 36 तासांचे अंतर लागते. ते इंजेक्शन किती वाजता घेतले, पूर्ण गेले का, बीजे काढताना काही अडचण आली का, हे प्रश्न मग विचारायचे असतात, आणि त्यांची उत्तरे जनुकांत सापडणार नाहीत. ते आकडेच तीन-चार असतील, तर मात्र प्रतिसाद कमी होता असे म्हणता येईल. एका कागदावरचा हा एक रकाना तुम्हाला थुंकीच्या तपासणीपेक्षा जास्त सांगेल, आणि तो तुमच्या कपाटात आहे.

आणखी एक गोष्ट विचारते, रागावू नका. इंजेक्शने पुण्याहून सोलापूरला कशी आली आणि घरी कुठे ठेवली होती? एफएसएचची बहुतेक पेन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागतात. काहींना मर्यादित काळ 25 अंशांपर्यंत चालते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. थर्माकोलचा डबा एसटीच्या टपाजवळच्या फळीवर पाच-सहा तास राहिला, बर्फाची पिशवी टेंभुर्णीपर्यंतच वितळली, घरी दुपारभर वीज गेली, तर औषधाचा जोर किती उरला ते कोणीच सांगू शकत नाही. याच्या उलटही घडते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने उन्हाच्या धास्तीने पेन बर्फाच्या कप्प्यात ठेवले होते. गोठलेले एफएसएच वापरायचे नसते. तिला कोणी नीट सांगितलेच नव्हते, आणि महिनाभर तीसुद्धा स्वतःच्या शरीरालाच बोल लावत बसली होती. तुमच्या बाबतीत असे झालेच असेल असे नाही. पण कोणाच्या रक्तावर खापर फोडण्याआधी फ्रीजचा विचार करावा, असे माझे मत आहे.

आता त्या वीस हजारांची कारणे. समजा, तपासणी केली आणि दोन्ही प्रती सेरीनच्या निघाल्या. डॉक्टर काय करतील? पुढच्या वेळी डोस वाढवतील. समजा, ॲस्परॅजिनच्या निघाल्या. तरीही ते डोस वाढवतीलच, कारण 150 युनिटवर तुमच्या शरीराने काय केले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या तपासणीचा निकाल काहीही आला तरी पुढचे पाऊल तेच राहते, तिच्यावर पैसे घालवू नयेत. तुमचे पहिले सायकल, म्हणजे उपचाराची पहिली फेरी, हीच तुमच्या शरीराची सर्वात खरी आणि सर्वात महागडी तपासणी होती. तिचे पैसे तुम्ही भरून झाले आहेत. एकाच अक्षराच्या आधारे डोस ठरवण्याची पद्धत अजून रोजच्या उपचारात रूढ झालेली नाही. ठिकठिकाणी डोस ठरतो तो वय, वजन, एएमएच, सोनोग्राफीतील फॉलिकल आणि मागचा अनुभव यांवर. शिवाय अशा अहवालात लाल-पिवळ्या-हिरव्या चौकोनांत पंधरा-वीस जनुके दिलेली असतात, आणि त्यांतला एखादा लाल चौकोन घरात कोणाच्या हाती पडला, तर तो तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला जाईल. पत्रावरून तुमच्या घराची जी कल्पना आली, तिच्यामुळे मला ही भीती खरी वाटते.

जनुकांच्या सगळ्याच तपासण्या निरर्थक असतात असा याचा अर्थ घेऊ नका. कमी वयात एएमएच फारच खाली गेले असेल, किंवा आईची, मावशीची पाळी चाळिशीच्या आत थांबली असेल, तर गुणसूत्रांची तपासणी आणि एफएमआर1 या जनुकाची तपासणी जरूर करावी. या दुसऱ्या जनुकातील एक तुकडा 55 ते 200 वेळा पुन्हा पुन्हा आला असेल, तर अशा स्त्रियांपैकी सुमारे 20 टक्के जणींच्या बीजांडकोशाचे काम चाळिशीच्या आत मंदावते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो तुकडा पुढच्या पिढीत वाढून मुलाला बौद्धिक अपंगत्व येऊ शकते. तुमचे एएमएच पाहता ही शंका दूरची आहे. तरी आईला तिची पाळी कोणत्या वर्षी थांबली ते विचारा, आणि आजोळी कोणी मतिमंद मुलगा होता का तेही विचारा. या दोन प्रश्नांना पैसे लागत नाहीत.

आईवडील आते-मामे भावंडे असण्याबद्दल सासूबाई जे म्हणतात, त्याचे उत्तर टाळून चालणार नाही. नात्यातील लग्नात काही धोका असतो, हे खरे आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यात, जनुकांच्या सोळा जागा घेतल्या तर सरासरी एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. घराण्यात एखादा दुर्मिळ बिघाड लपलेला असेल, तर तो अशा वेळी दोन्हीकडून येऊन उघड होऊ शकतो. एफएसएचच्या रिसेप्टरमध्येही असा बिघाड होतो. 1995 मध्ये फिनलंडमधील काही कुटुंबांत तो प्रथम सापडला. पण त्या स्त्रियांना पाळी येतच नव्हती किंवा लवकरच थांबली होती, रक्तातील एफएसएच फार चढलेले होते आणि बीजांडकोश जवळजवळ निद्रिस्त होता. तुमची पाळी ठरलेल्या दिवशी येते असे तुम्ही पत्रात अन्यत्र लिहिले आहे, एएमएच चांगले आहे आणि तीन का होईना, बीजे मिळाली आहेत. तेव्हा तो बिघाड तुमच्यात आहे असे मानायला आधार नाही. आणि तुम्हाला आयव्हीएफची गरज पडली ती नलिका बंद झाल्यामुळे. आपल्या देशात त्याची नेहमीची कारणे म्हणजे ओटीपोटातील जुना जंतुसंसर्ग आणि क्षयरोग. ती आईवडिलांच्या नात्यातून येत नाहीत.

नलिकांचा विषय निघालाच आहे तर पुढच्या उपचाराआधीचा एक प्रश्न आवर्जून विचारा. बंद नलिकेत पाणी साठून ती फुगली आहे का? तसे असेल तर ते पाणी गर्भाशयात उतरते आणि चांगला गर्भही रुजू देत नाही. अशी नलिका आधी काढून टाकली किंवा गर्भाशयाजवळ बंद केली, तर यशाची शक्यता वाढते, हे पक्के सिद्ध झालेले आहे. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही. क्षयरोगाच्या दृष्टीने गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी झाली होती का, तेही पाहा. मला विचाराल तर वीस हजार रुपये राखून ठेवावेत ते या कामासाठी.

डोसबद्दल: पुढच्या वेळी तो वाढवणे हे तुमच्यासारख्या स्थितीतील नेहमीचे पहिले पाऊल आहे. कधी एफएसएचबरोबर एलएचचा अंश असलेले औषध जोडतात, कधी पद्धत बदलतात, कधी दोन सायकलमधील गर्भ गोठवून एकत्र वापरतात. किती आणि काय, हे तुमच्या डॉक्टरांनी फाइल पाहून ठरवायचे आहे. वर 225 चा आकडा वाचून तो मागून घेऊ नका. जास्त औषध म्हणजे जास्त मुले असा हिशेब नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे दीड हजार स्त्रियांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, फॉलिकलच्या संख्येवरून प्रत्येकीचा डोस आधीच कमी-जास्त करून पाहिला, पण सरसकट 150 देण्यापेक्षा मुले जन्माला येण्याचे प्रमाण वाढले नाही. त्या स्त्रियांचा प्रतिसाद अजून कोणी पाहिलेला नव्हता आणि तुमचा पाहिलेला आहे, हा फरक आहे. तरी आशा बाळगताना हा निकाल डोळ्यांसमोर असू द्या. सहाय्यित जननतंत्राचा 2021 चा कायदा असे सांगतो की केंद्र नोंदणीकृत असले पाहिजे आणि उपचारांची माहिती देऊन तुमची लेखी संमती घेतली पाहिजे. त्यामुळे फाइलची पूर्ण झेरॉक्स मागायला आणि 'माझ्या बाबतीत नेमके काय झाले' असे विचारायला संकोच करू नका.

मुलीबद्दल तुम्ही जे विचारले आहे ते वाचताना मी थोडा वेळ थांबले. जे मूल अजून आले नाही त्याच्या वाटेतले काटे तुम्ही आत्ताच वेचू लागला आहात. तर ऐका: समजा, तुमच्या दोन्ही प्रती सेरीनच्या असल्या, तर मुलीला त्यांपैकी एक मिळेल आणि दुसरी वडिलांकडून येईल. दोन्ही सेरीनच्या आल्या तरी तिला त्याचा आजार होणार नाही. अशा स्त्रियांत पिट्युटरी एफएसएच थोडे जास्त सोडते आणि पाळीचे चक्र किंचित लांबू शकते. शरीर आपले आपण जुळवून घेते. तिच्या नलिका चांगल्या असल्या, तर तिला या इंजेक्शनांची गरजही पडणार नाही.

घरी काय सांगावे, हे शेवटचे. सासूबाईंना जनुक, रिसेप्टर यांतले काही सांगू नका. पण मागांच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला हे नक्की समजेल की एकाच वर्षी घेतलेल्या दोन मागांनाही वेगळा ताण द्यावा लागतो, आणि ज्याला जास्त द्यावा लागतो त्याची चादर कमी प्रतीची निघते असे नाही. "नलिका बंद आहेत म्हणून उपचार लागला, औषध कमी पडले म्हणून बीजे कमी मिळाली, पुढच्या वेळी डॉक्टर ते वाढवणार आहेत" एवढी तीन वाक्ये पुरेत. आणि ती तुम्ही सांगू नका. ती तुमच्या यजमानांनी सांगावीत, फाइल हातात घेऊन, तुम्ही शेजारी बसलेल्या असताना.